प्लॅस्टिक स्केल मॉडेल विमान कसं बनवायचं? मिग-२१ च्या उदाहरणासह संपूर्ण माहिती

२६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडमध्ये भारतीय वायुसेनेच्या मिग-२१ विमानाने शेवटचा निरोप घेतला. १९६३ मध्ये सेवेत आलेलं हे विमान तब्बल ६२ वर्षं उडत होतं. यातली शेकडो विमानं आपल्याच राज्यात, नाशिकजवळच्या ओझर इथल्या हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या म्हणजे एचएएलच्या कारखान्यात तयार झाली. आता हे विमान आकाशात दिसणार नाही. पण टेबलावर नक्की दिसू शकतं, आणि तेही तुमच्या हातांनी बनवलेलं.

या लेखात आपण प्लॅस्टिकचं स्केल मॉडेल विमान सुरुवातीपासून शेवटपर्यंत कसं बनवायचं ते पाहणार आहोत. उदाहरण म्हणून १/७२ स्केलचं मिग-२१ घेऊ. लेख लिहिताना भंडारा, तुमसर, साकोली, पवनी अशा ठिकाणी राहणारा वाचक डोळ्यांसमोर ठेवला आहे. म्हणजे जवळपास हॉबीचं दुकान नाही, किट ऑनलाइन मागवावं लागतं आणि एखादा पार्ट तुटला किंवा हरवला तर बदली पार्ट मिळत नाही. साठवलेल्या पैशांतून आणलेलं किट पहिल्याच दिवशी बिघडू नये, यासाठी प्रत्येक पायरीमागचं कारण समजून घेणं गरजेचं आहे.

## स्केल मॉडेल म्हणजे नेमकं काय?

खऱ्या विमानाची ठरावीक प्रमाणात लहान केलेली प्रतिकृती म्हणजे स्केल मॉडेल. हे मॉडेल उडत नाही. एनसीसीच्या एअर विंगमध्ये उडणारी मॉडेल्सही बनवतात, पण तो वेगळा प्रकार आहे. तिथे वजन आणि संतुलन महत्त्वाचं असतं, इथे दिसणं महत्त्वाचं असतं.

१/७२ म्हणजे खरं विमान मॉडेलच्या ७२ पट मोठं आहे. ७२ हाच आकडा का? कारण १ फुटात १२ इंच असतात, म्हणून ६ फुटांचे होतात ७२ इंच. सहा फुटी माणूस या स्केलमध्ये बरोबर १ इंचाचा होतो. ब्रिटनमधल्या फ्रॉग कंपनीने १९३६ मध्ये पेंग्विन या नावाने याच स्केलची प्लॅस्टिक किट्स आणली. दुसऱ्या महायुद्धात शत्रूचं विमान ओळखायला शिकवण्यासाठी अमेरिकेत शाळकरी मुलांकडून याच स्केलची लाकडी मॉडेल्स बनवून घेतली गेली. पुढे एअरफिक्स कंपनीने आपलं पहिलं विमानाचं किट, स्पिटफायर, बाजारात आणलं आणि हा छंद घराघरात पोहोचला.

मिग-२१ च्या पंखांची एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची रुंदी साधारण ७.१५ मीटर आहे. वेगवेगळ्या स्केलमध्ये ती अशी येते:

- १/१४४ : सुमारे ५ सेंटीमीटर
- १/७२ : सुमारे १० सेंटीमीटर
- १/४८ : सुमारे १५ सेंटीमीटर
- १/३२ : सुमारे २२ सेंटीमीटर

पहिल्या मॉडेलसाठी १/७२ उत्तम. किंमत कमी, जागा कमी आणि पार्ट्स हाताळता येतील एवढे मोठे. सुखोई-३० घ्यायचा विचार असेल तर आधी कपाटातली जागा मोजा. जवळपास २२ मीटर लांबीचं ते विमान १/७२ मध्येसुद्धा ३० सेंटीमीटर लांब होतं.

## किट घेण्याआधी हे बघा

"मिग-२१" एवढं नाव बघून किट मागवू नका. या विमानाची अनेक रूपं आहेत. १९७१ च्या युद्धात गाजलेलं मिग-२१ एफएल आणि नंतरचं मिग-२१ बिस यांच्यात मोठा फरक आहे. एफएलची पाठ सडपातळ आहे, बिसची पाठ कॉकपिटच्या मागे फुगीर दिसते. बिसच्या पोटात तोफ बसवलेली असते. एफएलमध्ये अशी आतली तोफ नाही, ती बाहेरून वेगळी लटकवावी लागायची. निरोप घेतलेलं मिग-२१ बायसन हे बिसचंच सुधारलेलं रूप. म्हणजे १९७१ चं विमान करायचं असेल आणि हातात बिसचं किट आलं, तर कितीही छान रंगवलं तरी ते १९७१ चं होणार नाही.

दुसरी गोष्ट, डब्यात भारतीय खुणांचे डेकल्स आहेत का ते तपासा. बऱ्याच किट्समध्ये रशियन किंवा युरोपीय वायुसेनांच्याच खुणा असतात. भारतीय खुणांचे डेकल्स वेगळे मागवावे लागले तर खर्च वाढतो.

स्केलमेट्स नावाच्या वेबसाइटवर जगभरातल्या किट्सची नोंद असते. एकच जुना साचा वेगवेगळ्या कंपन्या नव्या डब्यात घालून विकतात. आपलं किट मुळात कोणत्या सालच्या साच्यातलं आहे, हे तिथे कळतं. बऱ्याच किट्सची माहितीपुस्तिकाही तिथे बघायला मिळते, म्हणजे किती पार्ट्स आहेत याचा अंदाज मागवण्याआधीच येतो.

## लागणारी साधनं

सगळं एकदम घ्यायची गरज नाही. सुरुवातीला एवढं पुरे:

- निपर, म्हणजे पार्ट कापायचं लहान कटर. मोबाइल दुरुस्तीवाले वापरतात तसं बारीक तोंडाचं चालतं.
- धारदार क्राफ्ट नाइफ आणि खाली ठेवायला कटिंग मॅट.
- वॉटर पेपर ४००, ६००, ८००, १००० आणि २००० नंबरचे. हार्डवेअरच्या दुकानात मिळतात.
- चिमटा, दातकोरणी, कपडे वाळवायचे चिमटे, मास्किंग टेप.
- प्लॅस्टिक सिमेंट, म्हणजे मॉडेलसाठीचा पातळ गोंद.
- पुट्टी, प्रायमर, रंग, दोन-तीन चांगले ब्रश.

सराव कशावर करायचा? आधी लोक वापरून फेकायच्या प्लॅस्टिक चमच्यांवर रंग तपासायचे. १ जुलै २०२२ पासून असे चमचे आपल्याकडे बंद आहेत. पण घरात जुन्या सीडीचा पारदर्शक डबा पडला असेल तर तो जपून ठेवा. तो पॉलिस्टायरीनचा असतो, म्हणजे किट ज्या प्लॅस्टिकचं आहे त्याच जातीचा. कापणं, चिकटवणं, घासणं, रंगवणं, सगळ्याचा सराव त्यावर करता येतो. किटचे पार्ट्स ज्या चौकटीला जोडलेले असतात त्या काड्यासुद्धा फेकू नका. त्या चौकटीला स्प्रू म्हणतात आणि पुढे ती बऱ्याच कामाला येते.

## पायरी १ : धुणं, कापणं, साफ करणं

वितळलेलं पॉलिस्टायरीन मोठ्या दाबाने स्टीलच्या साच्यात घालून हे पार्ट्स बनवतात. पार्ट साच्यातून सहज सुटावा म्हणून काही वेळा तेलकट पदार्थ वापरलेला असतो. तो राहिला तर रंग धरत नाही. म्हणून सगळे स्प्रू कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाने हलक्या हाताने धुऊन सावलीत वाळवा. पाणी फार गरम नको, नाहीतर पातळ पार्ट वाकतात. मोरीच्या जाळीवर चाळणी ठेवायला विसरू नका. सुटलेला बारीक पार्ट नालीत गेला की गेला!

पार्ट कापताना दोनदा कापा. पहिला काप पार्टपासून थोडा लांब, दुसरा जवळ. एकदम चिकटून कापलं तर प्लॅस्टिकवर ताण येऊन पांढरा डाग पडतो किंवा पार्टचा तुकडा निघतो. उरलेला टवका क्राफ्ट नाइफने आणि नंतर वॉटर पेपरने काढा. साच्याचे दोन भाग जिथे जुळतात तिथे पार्टवर बारीक रेघ असते. चाकांवर आणि पायांच्या काठ्यांवर ती जास्त दिसते. तीही पातीच्या धारेने हळूच खरवडून काढायची.

मोबाइलची युक्ती : पार्ट कापण्याआधी प्रत्येक स्प्रूचा फोटो काढा. नंतर "हा तुकडा कुठला?" असा प्रश्न पडला की नंबर फोटोत सापडतो.

## पायरी २ : आधी जुळवून बघा, मग चिकटवा

गोंद न लावता पार्ट्स जुळवून बघण्याला ड्राय फिट म्हणतात. हा टप्पा गाळला की पुढचे निम्मे त्रास तिथेच सुरू होतात. बॉडीचे दोन्ही अर्धे भाग टेपने जोडा, पंख लावून बघा, फट कुठे राहते ते पाहा. फट दिसली तर आतली अडणारी कड घासून कमी करा. नंतर पुट्टी भरण्यापेक्षा हे सोपं असतं.

आता गोंद समजून घेऊ. प्लॅस्टिक सिमेंट हा खरं तर चिकटणारा पदार्थ नाही, तो द्रावक आहे. तो दोन्ही बाजूंचं प्लॅस्टिक किंचित विरघळवतो, दोन्हीकडचे रेणू एकमेकांत मिसळतात आणि द्रावक उडून गेला की जोड एकजीव होतो. एका अर्थाने हे वेल्डिंगच आहे. यातून तीन गोष्टी लक्षात ठेवायच्या:

१. रंगावर सिमेंट लावून उपयोग नाही. जोडाची जागा उघडी पाहिजे.
२. जास्त सिमेंट म्हणजे जास्त मजबुती नाही. जास्त झालं तर पार्टच मऊ पडतो.
३. पातळ सिमेंट आधी लावायचं नाही. दोन्ही भाग जुळवून धरा आणि फटीला ब्रशचं टोक टेकवा. सिमेंट आपोआप फटीतून आत धावतं. मात्र बोट फटीवर नको, नाहीतर सिमेंट बोटाखाली येऊन ठसा कायमचा उमटतो.

फेविक्विकसारखा इन्स्टंट गोंद धातूचे किंवा रेझिनचे तुकडे चिकटवायला चांगला. पण कॉकपिटच्या काचेजवळ तो अजिबात वापरू नका. त्याच्या वाफेने पारदर्शक प्लॅस्टिकवर पांढरं धुकं बसतं. काचेसाठी साधा फेविकॉल घ्या. तो वाळल्यावर पारदर्शक होतो आणि जास्तीचा ओल्या कापडाने पुसता येतो.

## पायरी ३ : कॉकपिट आणि नाकातलं वजन

बॉडी बंद करण्याआधी कॉकपिट रंगवून आत बसवावं लागतं. नंतर हात पोहोचत नाही. बसायची सीट, डॅशबोर्ड, बाजूचे पॅनल आधी रंगवून घ्या. १/७२ मध्ये डॅशबोर्ड नखाएवढा असतो, त्यामुळे काळ्या रंगावर कोरड्या ब्रशने हलका राखाडी फिरवला की उंच भाग उठून दिसतात.

मिग-२१ ला पुढे एक आणि मागे दोन चाकं आहेत. मॉडेलमध्ये मागचा भाग जड झाला की विमान शेपटीवर बसतं. ते टाळायला नाकाकडच्या भागात वजन भरतात. भंडारा हा तलावांचा जिल्हा, त्यामुळे मासेमारीच्या जाळ्याला लावायचे शिशाचे मणी आठवडी बाजारात सहज मिळतात. तेच चालतील. पण दोन काळज्या घ्या. एक, शिसं विषारी आहे. हाताळल्यावर हात साबणाने धुवा, ते घासू नका, लहान भावंडांच्या हाती देऊ नका. दोन, शिसं फेविकॉलने चिकटवू नका. अशा गोंदाच्या संपर्कात शिशाची हळूहळू रासायनिक क्रिया होते, ते फुगतं आणि काही वर्षांनी मॉडेल आतून उकलतं. इन्स्टंट गोंद किंवा इपॉक्सी वापरा. शिसं नको असेल तर लोखंडी नटही चालतात.

वजन पुरेसं आहे का? बॉडी टेपने जोडून मागच्या चाकांच्या जागी दोन बोटांवर तोला. नाक खाली गेलं तर ठीक. अजून रंग आणि बारीक पार्ट्स चढायचे आहेत, म्हणून थोडं जास्तच भरा.

## पायरी ४ : जोडाची रेघ घालवणं

अर्धा मिलिमीटर म्हणजे काहीच नाही असं वाटतं. पण १/७२ मध्ये अर्ध्या मिलिमीटरची पायरी म्हणजे खऱ्या विमानावर ३६ मिलिमीटरची पायरी! खऱ्या लढाऊ विमानाच्या पाठीवर अशी फट असेल का? म्हणूनच चांगलं मॉडेल ओळखताना लोक आधी जोड बघतात.

सिमेंट पूर्ण वाळायला किमान एक दिवस द्या. मऊ असताना घासलं तर पुढे जोड खचतो आणि रेघ परत दिसते. मग मोठ्या फटीत पुट्टी भरा, वाळू द्या आणि वॉटर पेपर पाण्यात भिजवून घासा. ४०० ने सुरुवात, मग ६००, ८००, १०००. प्रत्येक पुढचा पेपर आधीच्याचे ओरखडे काढतो. भंडाऱ्यात पितळेची भांडी चमकवणाऱ्या कारागिरांचाही हाच नियम आहे. मधली पायरी गाळली की चमक येत नाही, ओरखडेच चमकतात. ओलं घासण्याचा आणखी एक फायदा म्हणजे प्लॅस्टिकची धूळ हवेत उडून नाकात जात नाही.

घासताना पॅनलच्या कोरीव रेषाही पुसल्या जातात. तिथे जाड टेप पट्टीसारखी लावून सुईच्या टोकाने दोन-तीनदा हलकी रेघ ओढा. एकदम जोर लावलात तर सुई घसरते.

मोबाइलची युक्ती : खोलीतला दिवा बंद करा आणि मोबाइलचा टॉर्च मॉडेलच्या अगदी बाजूने, तिरका धरा. जोडावरची पायरी सावली टाकते आणि लगेच दिसते. नंतर राखाडी प्रायमरचा पातळ हात मारून पुन्हा बघा. प्रायमरने सगळं एका रंगाचं झालं की उरलेले दोष लपत नाहीत.

## पायरी ५ : रंग आणि आपली हवा

रंग मुख्यतः तीन प्रकारचे. पाण्याचे ॲक्रिलिक, तेलकट इनॅमल आणि झपाट्याने वाळणारे लॅकर. नवशिक्यांनी पाण्याच्या ॲक्रिलिकने सुरुवात करावी. वास कमी, ब्रश पाण्याने धुता येतो. हार्डवेअरच्या दुकानातलं एनसी थिनर किंवा पेट्रोल मॉडेलवर वापरू नका, ते प्लॅस्टिकच खातं. गाडीला मारायचा स्प्रे प्रायमर वापरायचा असेल तर आधी स्प्रूच्या तुकड्यावर मारून बघा. प्लॅस्टिकवर सुरकुत्या आल्या तर तो डबा मॉडेलसाठी नाही.

ब्रशने रंगवताना रंग थोडा पातळ करा. पहिला हात डागाळलेला, अर्धवट दिसतो. घाबरू नका, तसाच वाळू द्या. दुसरा हात आडवा, तिसरा उभा. ओल्या रंगावर पुन्हा ब्रश फिरवला की खालचा रंग उचलला जातो. पातळ तीन हात हे जाड एका हातापेक्षा नेहमीच चांगले. ०.१ मिलिमीटर जाडीचा रंग म्हणजे १/७२ मध्ये ७ मिलिमीटरचा थर, त्याखाली सगळे बारीक तपशील बुजतात.

एअरब्रश असेल तर रंग साधारण दुधाएवढा पातळ करून १५ ते २० पीएसआय दाबाने सुरुवात करा. आधी कागदावर, मग सीडीच्या डब्यावर, शेवटी मॉडेलवर.

परदेशी व्हिडिओंमध्ये एक गोष्ट सांगत नाहीत, ती म्हणजे आपली हवा.

पावसाळा : जुलै-ऑगस्टमध्ये भंडाऱ्यात हवा ओलीचिंब असते. लॅकर किंवा स्प्रे मारला की द्रावक झपाट्याने उडतो, त्यामुळे पृष्ठभाग थंड होतो आणि हवेतली वाफ ओल्या रंगावर जमते. रंग पांढुरका पडतो. पितळी ग्लासात थंड पाणी ओतल्यावर बाहेर थेंब येतात, तोच प्रकार. मोबाइलच्या वेदर ॲपमध्ये आर्द्रता बघा. ७०-७५ टक्क्यांच्या वर असेल तर स्प्रे थांबवा. त्या दिवसांत कापणं, घासणं, कॉकपिट अशी कामं उरका.

उन्हाळा : मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे जातो तेव्हा उलट होतं. रंग हवेतच वाळतो आणि मॉडेलवर खरखरीत भुकटी बसते. सकाळी लवकर काम करा, जवळून फवारा आणि ॲक्रिलिकमध्ये रंग हळू वाळवणारं रिटार्डर दोन थेंब घाला. कूलरसमोर मात्र रंगवू नका. ओलावाही येतो आणि धूळही.

ऑक्टोबर ते फेब्रुवारी : रंगकामाचा खरा हंगाम हाच. धानाची मळणी सुरू असेल तर फक्त उडणाऱ्या भुशापासून जपा. ओलं मॉडेल प्लॅस्टिकच्या डब्याखाली झाकून ठेवा.

सुरक्षितता : खिडकी उघडी ठेवा. एन-९५ मास्क धूळ आणि रंगाचे तुषार अडवतो, पण थिनरची वाफ अडवत नाही. वाफेसाठी कोळशाचं फिल्टर असलेला मास्क लागतो. स्वयंपाकघरात, गॅसजवळ, देवघरातल्या दिव्याजवळ थिनर किंवा स्प्रे कधीही वापरू नका. थंडीत स्प्रेचा डबा गरम करायचा असेल तर कोमट पाण्यात ठेवा, आगीवर नाही.

## मिग-२१ ला कोणता रंग द्यायचा?

उत्तर एकच नाही. सुरुवातीच्या काळात ही विमानं धातूच्या उघड्या रंगात उडायची. १९७१ च्या युद्धाच्या वेळी अनेकांवर छलावरणाचे पट्टे आले. शेवटच्या काळातली बायसन विमानं राखाडी छटांमध्ये दिसायची. म्हणून एक विशिष्ट विमान निवडा. शेपटीजवळचा नंबर वाचता येईल असा फोटो शोधा, तो कोणत्या वर्षाचा आहे ते बघा आणि त्याच फोटोप्रमाणे काम करा. फोटो सरकारी किंवा वायुसेनेच्या अधिकृत पानावरचा असेल तर उत्तम. इंटरनेटवरचं रंगीत चित्र कलाकाराचा अंदाजही असू शकतो.

धातूचा रंग द्यायचा असेल तर खाली गुळगुळीत चकचकीत काळा थर द्या, वर चांदी रंगाचे अगदी पातळ हात. खालचा थर जेवढा गुळगुळीत तेवढी धातूची चमक खरी वाटते. आणि धातूचा रंग एकही ओरखडा लपवत नाही, म्हणून पहिल्या मॉडेलला राखाडी बरा.

## पायरी ६ : डेकल्स लावणं

डेकल म्हणजे पाण्यात भिजवून सरकवायची पातळ छापील फिल्म. वायुसेनेची गोल खूण, म्हणजे मध्ये हिरवा, मग पांढरा आणि बाहेर केशरी, याच पद्धतीने लागते. क्रम उलटा होऊ देऊ नका. डेकल वेगवेगळ्या तुकड्यांत असेल तर ही चूक सहज होते.

१. आधी मॉडेलवर चकचकीत वार्निशचा थर द्या. मॅट रंग सूक्ष्म पातळीवर खडबडीत असतो. डेकलखाली हवा अडकते आणि कडेने चांदीसारखी चकाकी दिसते. याला सिल्व्हरिंग म्हणतात.
२. एक डेकल कापा, कोमट पाण्यात साधारण ३० सेकंद बुडवा आणि कागदासकट बाहेर काढून मिनिटभर ठेवा.
३. जागेवर पाण्याचा थेंब लावा. डेकल ब्रशने कागदावरून सरकवत तिथे न्या. बोटाने ओढू नका.
४. जागा बरोबर झाली की मऊ कापडाने मधून बाहेरच्या दिशेने पाणी टिपा.
५. डेकल सॉफ्टनर लावला की फिल्म मऊ पडून कोरीव रेषांत बसते. तेव्हा ती सुरकुतते. हात लावू नका, वाळताना ती सपाट होते.

जुन्या किटमधले डेकल भिजवल्यावर तुकडे तुकडे होऊ शकतात. म्हणून आधी नको असलेला एक डेकल भिजवून तपासा. पावसाळ्यात डेकलची शीट झिपवाल्या पिशवीत, पुस्तकात सपाट ठेवा.

## पायरी ७ : शेवटचा हात

डेकलवर पुन्हा एक चकचकीत थर द्या. मग गडद तपकिरी ऑइल कलर भरपूर पातळ करून पॅनलच्या रेषांत सोडा. रेषा आपोआप भरतात. अर्ध्या तासाने कापसाच्या काडीने जास्तीचा पुसा, हवेच्या प्रवाहाच्या दिशेने, म्हणजे नाकाकडून शेपटीकडे. खाली ॲक्रिलिक वार्निश नीट वाळलेलं असेल तर ऑइलचं थिनर खालच्या रंगाला धक्का लावत नाही.

इंजिनच्या मागच्या नळीजवळ खडूची काळी-तपकिरी भुकटी ब्रशने चोळली की जळकट रंग येतो. मात्र मळवणं बेतानेच. वायुसेनेत विमानांची निगा काटेकोर ठेवतात. त्या देखभालीचा कारभार पाहणाऱ्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय तर आपल्या शेजारी नागपुरातच आहे. चिखलाने माखलेलं मिग कुठल्याच फोटोत सापडणार नाही.

शेवटी मॅट किंवा अर्धचकचकीत वार्निश, मग काचेवरची टेप काढणं, आणि सर्वांत शेवटी चाकं, क्षेपणास्त्रं आणि नाकावरची बारीक नळी. ही नळी आधी लावली तर ती तुटणार हे नक्की. तुटलीच तर इंजेक्शनची बारीक सुई धार घालवून लावता येते. सुई नवी, न वापरलेलीच घ्या.

## मॉडेलचा चांगला फोटो कसा काढायचा?

मोबाइल अगदी जवळ नेला की नाक मोठं आणि शेपूट लहान दिसते, मॉडेल खेळण्यासारखं वाटतं. त्याऐवजी थोडं मागे सरकून २एक्स झूम वापरा. मोबाइल उलटा धरा, म्हणजे कॅमेरा टेबलाजवळ येईल. तुम्ही धावपट्टीवर उभे राहून विमान बघताय असा कोन मिळतो. सकाळचा खिडकीतला उजेड फ्लॅशपेक्षा कधीही चांगला.

## नेहमी विचारले जाणारे प्रश्न

पंख वाकडा आला आहे, किट परत करावं का?
आधी गरम पाणी करून बघा. उकळतं नको. पंख चिमट्याने काही सेकंद बुडवा, सपाट जागी दाबून सरळ करा आणि लगेच थंड पाण्यात धरा.

छोटा पार्ट जमिनीवर पडून हरवला तर?
झाडू मारू नका. टॉर्च फरशीला टेकवून आडवा फिरवा, सावलीमुळे पार्ट दिसतो. नाहीच सापडला तर स्प्रूच्या तुकड्यातून घासून नवा बनवा. दोन्ही बाजूंना असणारा पार्ट असेल तर दुसऱ्याचं माप घ्या.

रंग पूर्ण बिघडला. आता?
मॉडेल वाया गेलेलं नाही. ताजं ॲक्रिलिक त्याच्या क्लीनरने निघतं. आधी स्प्रूवर तपासा, मग जुन्या टूथब्रशने हळू काढा आणि पुन्हा प्रायमर मारा.

तयार मॉडेल कुठे ठेवायचं?
थेट ऊन येणाऱ्या खिडकीत नाही. डेकल्स पिवळे पडतात आणि बारीक नळ्या वाकतात. काचेच्या कपाटात किंवा पारदर्शक डब्यात ठेवा, धूळ मऊ ब्रशने झटका.

पुढचं मॉडेल कोणतं घ्यावं?
ओझरच्याच कारखान्यातून आलेली मालिका करता येईल. मिग-२१, मिग-२७, सुखोई-३० आणि आता तेजस. नाशिकला तयार झालेल्या पहिल्या तेजस मार्क-१ए ने १७ ऑक्टोबर २०२५ रोजी उड्डाण केलं. चारही विमानं एकाच १/७२ स्केलमध्ये शेजारी ठेवली, की लहानसं मिग आणि भलंमोठं सुखोई यांतला फरक एका नजरेत कळतो. साठ वर्षांत महाराष्ट्रातल्या एका कारखान्याने काय काय घडवलं, ते तुमच्या कपाटाच्या एका फळीवर मावतं.